‘म्हातारचळ’ म्हणून सोडून द्यायचे?

घरातली आजी दुपारी जेवून उठते आणि तासाभराने सुनेला विचारते, ‘आज मला वाढले नाहीस का?’ शेजारी ऐकतात, सून खजील होते, मुलगा चिडतो आणि अखेर ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून सारे घर गप्प बसते. आमच्या समाजात या रोगाचे निदान बहुधा एवढ्यावरच थांबत आले आहे. स्मृतिभ्रंश हा मेंदूचा विकार आहे, वार्धक्याचा अटळ प्रसाद नव्हे, हे सुशिक्षित घरांतही अजून नीट रुजलेले नाही.

गोव्याला या प्रश्नाकडे पाठ फिरवणे परवडणारे नाही. २०११ च्या जनगणनेत साठी गाठलेल्यांचे प्रमाण देशात शेकडा ८.६ होते, तर गोव्यात ११.२. केरळ सोडल्यास एवढे वृद्ध राज्य दुसरे नव्हते. मुले मुंबई-पुण्याला नाही तर आखातात, आणि चवथीला गजबजणारे घर एरव्ही दोन वृद्धांच्या खोकल्याने जागे, हे चित्र फोंड्यापासून काणकोणपर्यंत कोणास अपरिचित आहे?

रोग मोजल्याशिवाय त्याची व्यवस्था लावता येत नाही. पण मोजायचे कसे? पाश्चात्त्य चाचणीत रुग्णाला एक वाक्य वाचायला आणि एक लिहायला सांगतात. ज्या माउलीने शाळेचा उंबरठाच पाहिला नाही तिला हे कसे साधावे? हरियाणातील बल्लभगड येथे संशोधकांनी ही चाचणीच बदलली. वाचण्याऐवजी ‘माझ्या चेहऱ्याकडे पाहा आणि मी करतो तसे करा’, लिहिण्याऐवजी ‘आपल्या घराविषयी काही सांगा’. वरवर क्षुल्लक वाटणारा हा बदल आम्हांस एखाद्या महागड्या यंत्राहून मोलाचा वाटतो. पुढे देशव्यापी पाहणीच्या आधारे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार साठीपुढील शेकडा ७.४ भारतीयांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना, स्मृतिभ्रंश आहे.

मग उपाय? तो शोधण्यासाठी फार दूर जायला नको. डॉ. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिसवाडी व बार्देश तालुक्यांत केलेला प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. स्मृतिभ्रंशाचे रुग्ण असलेली ८१ कुटुंबे निवडून, कोणाला सेवा आधी द्यायची हे दैवयोगावर सोपवले गेले. एका गटाच्या घरी प्रशिक्षित कार्यकर्ती पंधरवड्यातून किमान एकदा जाऊ लागली. दुसऱ्या गटाला सहा महिने थांबावे लागले. ही निवड निष्ठुर वाटेल. परंतु तुलना केल्याविना सेवेचा गुण कळत नाही आणि न कळलेल्या सेवेवर जनतेचा पैसा उधळणे याहून निष्ठुर. या कार्यकर्त्या डॉक्टर नव्हत्या, कोंकणी बोलणाऱ्या साध्या शिकलेल्या व्यक्ती होत्या. आजी रात्री उठून दार उघडू लागली तर काय करावे, चिडली तर तिच्याशी वाद का घालू नये, सरकारी साहाय्य कोठे मिळते, हे त्या समजावीत. सहा महिन्यांनी सांभाळ करणाऱ्यांच्या मनावरील ताण स्पष्टपणे उतरलेला दिसला. रुग्णांच्या वर्तनातील सुधारणा मात्र निर्णायक म्हणता येण्याजोगी नव्हती, आणि संशोधकांनी ते लपवले नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेला गोव्यातीलच दुसरा प्रयोग वृद्धांच्या नैराश्याविषयी होता: साध्या समुपदेशकांचे साहाय्य मिळालेल्या ९१ जणांपैकी वर्षभरात चौघांना तीव्र नैराश्य आले, न मिळालेल्या ९० पैकी तेरा जणांना.

आम्ही यंत्रांचे विरोधक नाही. ‘ई-संजीवनी’वरून पेडण्याच्या वृद्धाला घरबसल्या डॉक्टरांशी बोलता येते, १४५६७ या क्रमांकावर एकाकी माणसाला दाद मागता येते. परंतु दुबईतून मोबाईलवर आईचे स्वयंपाकघर पाहणाऱ्या मुलाला ती पडलेली दिसेल. तिला उचलणारे कोण? यंत्राने हाक मारावी आणि ती ऐकून दारात माणूस यावा, तरच त्या खर्चाला अर्थ.

म्हणून आमची मागणी नेमकी आहे. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रामागे अशा दोन प्रशिक्षित गृहसेविका, त्यांच्यावर देखरेखीस एक मनोविकारतज्ज्ञ, आणि दर वर्षी कामाची उघड मोजदाद. आरंभ त्याच दोन तालुक्यांतून व्हावा आणि त्यासाठी येत्या अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्षाखाली तरतूद दिसावी.