साउंडबॉक्स बोलला, पण खाते कोरडेच

जळगावच्या दाणा बाजारात किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर गल्ल्याशेजारचा साउंडबॉक्स ‘पैसे मिळाले’ म्हणतो, पण खाते कोरडेच राहते. मग दुकानदार कस्टमर केअरच्या विनवण्या करत बसतो. विनवण्या कशाला? पेमेंट ॲग्रीगेटरने, म्हणजे व्यापाऱ्यांसाठी पैसे गोळा करणाऱ्या कंपनीने, व्यापाऱ्यांची रक्कम बँकेतल्या एस्क्रो खात्यात वेगळी ठेवावी, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. म्हणजे ती रक्कम कंपनीचे भांडवल नव्हे. सेटलमेंट रिपोर्ट आणि बँक स्टेटमेंट जोडून कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी मागणी करावी. ३० दिवसांत दाद लागली नाही, तर कंपनी रिझर्व्ह बँकेच्या लोकपाल योजनेत बसते का ते पाहून लोकपालाकडे जावे. तिथे ना फी, ना वकील. थेट ग्राहक आयोग गाठण्याचा सल्ला सर्रास मिळतो, तो मला पटत नाही: २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने व्यापारी कारणासाठी घेतलेली सेवा वगळली आहे, आणि धंदा पोटापुरताच असल्याचे पटवण्यात तारखांवर तारखा जातात. कंपनीशी केलेल्या करारातला लवाद दूरच्या शहरात, चार हजारांसाठी कोण जाणार, हा आक्षेप खराच. म्हणून तर लोकपाल आधी. लाखांची रक्कम अडकली असेल तर मात्र वकिलाची नोटीस हवी, तीन वर्षांची मुदत सांभाळून. आणि सायबर पोलिसांच्या पत्रावरून पैसे गोठवले असतील, तर कंपनीशी भांडून उपयोग नाही. पत्र कुठल्या ठाण्याचे, ते आधी लेखी मागून घ्यावे.