विश्लेषण : काहीच न करताही फोनची बॅटरी का उतरते? लिनक्समधला ‘आळशी’ उपाय काय आहे?

मोबाइलवर बातमी उघडली, पान पूर्ण लोड झाले आणि वाचक शांतपणे वाचतो आहे. या काही सेकंदांत फोनच्या प्रोसेसरला जवळपास काहीच काम नसते. तरीही तो पुन:पुन्हा जागा होतो. पडद्याला लागणारी वीज वेगळी, पण या फुटकळ जागरणांचा भारही बॅटरीवरच पडतो. अँड्रॉइड फोन आणि क्रोमबुक लिनक्स कर्नलवर चालतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या लिनक्स ६.२ मध्ये हा भार कमी करण्याची सोय आहे.

काम थोडे, खर्च जास्त कसा?

प्रोसेसरच्या झोपेला पायऱ्या असतात. हलक्या झोपेतून तो लगेच उठतो, पण वीज फारशी वाचत नाही. गाढ झोपेत खूप वाचते. मात्र तिथे जाण्या-येण्यातच वेळ आणि वीज जाते. पुढचे काम लगेचच येणार असेल, तर कर्नल गाढ झोपेचा नाद सोडून देतो. शिवाय अनेक चिपमध्ये सगळे कोअर झोपल्याशिवाय सामायिक भाग बंद होत नाही. एकट्या माणसासाठी अख्ख्या जिन्याचे दिवे चालू ठेवावेत, तसा हा प्रकार.

ही कामे कोणती?

बरीचशी साफसफाईची. कर्नलमध्ये २००२ पासून ‘रीड-कॉपी-अपडेट’ म्हणजेच आरसीयू ही पद्धत आहे. माहिती बदलताना नवी प्रत तयार होते आणि जुनी प्रत वाचणारे सगळे बाजूला झाले, की ती मेमरीतून काढली जाते. साधी फाइल बंद झाली तरी अशी साफसफाई मागे उरू शकते. खरा खर्च जुनी प्रत टाकण्याचा नाहीच. ‘आता ती कुणीही वाचत नाही ना’ याची खात्री करून घेण्याचा आहे. आणि गंमत अशी, की एक प्रत असो वा शंभर, खात्री एकदाच केली तरी चालते.

मग बदल काय झाला?

केळ्याचे साल निघाले म्हणून कुणी लगेच चार मजले उतरत नाही. कचरा साठवून घंटागाडी आली की एकदम नेतो. गुगलमध्ये असताना जोएल फर्नांडिस आणि सहकाऱ्यांनी कर्नलला हेच शिकवले. साफसफाईची कामे साधारण १० सेकंद साठू द्यायची आणि एकदम उरकायची. यादी फार लांबली किंवा मेमरी कमी पडू लागली, तर मात्र थांबायचे नाही. यंत्रावर भार हलका असताना किंवा ते रिकामे असताना आरसीयूमुळे लागणाऱ्या विजेत सुमारे ५ ते १० टक्के बचत होते, असे या बदलाच्या नोंदीत म्हटले आहे.

अडचण कुठे आली?

साफसफाईच्या नावाखाली काही तातडीची कामेही त्याच रांगेत उभी होती. ‘स्कझी’ डिस्कमधील चूक हाताळणारी यंत्रणा जागी करण्याचा निरोप याच मार्गाने जायचा. तो रेंगाळला की पुढचे सगळेच खोळंबणार. नेटवर्कमध्येही जुनी नोंद सुटेपर्यंत संबंधित उपकरण काढता येत नाही. अशा कामांसाठी ‘कॉल_आरसीयू_हरी’ हे वेगळे फंक्शन द्यावे लागले.

इथे अभियंत्यांनी थोडे धाडसच केले. सवलत मागणाऱ्यांनाच उशीर लावण्याऐवजी सर्वांना उशीर लावला आणि घाई असलेल्यांना वेगळे काढले. कर्नलमध्ये हे फंक्शन इतक्या ठिकाणी वापरले जाते, की दुसऱ्या पद्धतीने बचत फारशी हाती लागली नसती. पण एखादे घाईचे काम नजरेतून सुटले, तर त्याचा फटका थेट वापरकर्त्याला बसतो. म्हणूनच हा पर्याय मूळ कर्नलमध्ये आपोआप सुरू नसतो. कायम विजेवर चालणाऱ्या सर्व्हरला तर त्याची गरजही कमीच.

वापरकर्त्याला तो सुरू करता येईल?

फोनच्या सेटिंगमध्ये असे बटण नाही. कर्नल तयार करणारी कंपनीच ते ठरवते. रात्री पडदा बंद करून ठेवलेल्या फोनची गोष्ट मात्र वेगळी. तिथे अख्खी यंत्रणाच निद्रावस्थेत जाते आणि तिला उठवण्यात बहुतेकदा ॲपचे अलार्म, सिंक आणि नोटिफिकेशन यांचा हात असतो. २०१५ मध्ये अँड्रॉइड ६.० सोबत आलेले ‘डोझ’ त्यांनाही ठरावीक खिडकीपर्यंत थांबवून ठेवते. मात्र एखाद्या ॲपला बॅटरीच्या निर्बंधांतून सूट दिली असेल, तर त्याला डोझचे बरेचसे नियम लागू होत नाहीत. ही सूट कुणाकुणाला दिली आहे, ते सेटिंगमधील बॅटरीच्या विभागात पाहता येते.