हमीचा कागद

घरात एखादी किमती वस्तू आली की तिच्याबरोबर एक कागदही येतो. वस्तूचे कौतुक सारे घर करते. कागदाकडे मात्र कोणी ढुंकूनही पाहत नाही. तो खोक्यातच राहतो, खोके माळ्यावर जाते आणि पुढच्या पावसाळ्यात वाळवी त्याचा समाचार घेते. ह्या उपेक्षित कागदाचे नाव हमीपत्र. शाळेच्या वार्षिकात त्याच्याविषयी लिहावेसे वाटले, ह्याला एक निमित्त आहे. दूरचित्रवाणीला जोडून खेळावयाची यंत्रे, ज्यांना मुले ‘कन्सोल’ म्हणतात, ती आता आपल्या मये गावासारख्या ठिकाणच्या घरांतही दिसू लागली आहेत. ही यंत्रे स्वस्त नव्हेत. २ फेब्रुवारी २०२१ रोजी सोनी कंपनीचे प्लेस्टेशन ५ भारतात विक्रीस आले, तेव्हा तबकडीवर चालणाऱ्या यंत्राची किंमत ४९,९९० रुपये होती. सामान्य घरात एवढी रक्कम जमविण्यास किती महिने लागतात, हे मुलांपेक्षा त्यांच्या आईवडिलांना अधिक ठाऊक असते.

असे यंत्र एके दिवशी अचानक बंद पडले तर काय होते? बहुतेक घरांत पहिला शब्द निघतो तो हाच की, “तूच काहीतरी केले असशील!” मूलही बिचारे मनात म्हणते, खरेच आपल्या हातून काही झाले असेल काय? मग ते भिऊन गप्प बसते, बिघाड लपविते, मित्राकडून ऐकलेले उपाय गुपचूप करून पाहते, आणि ह्या लपवाछपवीत हमीची मुदत निघून जाते. चौकशीपूर्वीच आरोपी ठरविण्याची ही रीत न्यायाची नव्हे. यंत्र बिघडले तर दोष वापरणाऱ्याचा असू शकतो, घडविणाऱ्याचाही असू शकतो. खेळयंत्रांचा इतिहास पाहिला तर दुसरी शक्यता वाटते तितकी विरळ नाही, असे दिसून येईल.

ह्या इतिहासातील सर्वांत गाजलेले प्रकरण मायक्रोसॉफ्ट ह्या अमेरिकन कंपनीच्या एक्सबॉक्स ३६० ह्या यंत्राचे होय. नोव्हेंबर २००५ मध्ये ते अमेरिकेत आले आणि पुढच्याच वर्षी भारतातही विकले जाऊ लागले. ते सुरू करण्याच्या कळीभोवती प्रकाशाचे एक वर्तुळ होते. यंत्र ठीक असले की ते हिरवे दिसे. परंतु हजारो घरांत एक दिवस त्या वर्तुळाचे तीन भाग तांबडे होऊन लुकलुकू लागले, आणि यंत्र कायमचे मुके झाले. खेळाडूंनी ह्या चिन्हाला ‘मृत्यूचे तांबडे वर्तुळ’ असे नाव दिले. प्रारंभी कंपनीने हे मनावर घेतले नाही. नव्या यंत्रांत एवढे बिघाड होतातच, असा तिचा सूर होता. अमेरिकेत तर मूळ हमी अवघ्या ९० दिवसांची होती. ती उलटून गेलेल्यांना दुरुस्तीचे पैसे पदरचे भरावे लागले.

पण तांबडा दिवा पाहणारे एकटेदुकटे नव्हते. पत्रे गेली, दूरध्वनी गेले, वर्तमानपत्रांतून लेख आले. डिसेंबर २००६ मध्ये अमेरिकेतील हमी एक वर्षाची करण्यात आली. अखेर जुलै २००७ मध्ये कंपनीने जाहीर केले की, तीन तांबड्या दिव्यांच्या ह्या बिघाडापुरती हमी खरेदीपासून तीन वर्षांची राहील, आणि ज्यांनी आधी पैसे भरून दुरुस्ती करून घेतली त्यांना ते परत मिळतील. ह्यासाठी कंपनीने १०५ ते ११५ कोटी डॉलरांचा बोजा आपल्या हिशेबात धरला. यंत्रांवर वाढीव हमी विकणाऱ्या स्क्वेअरट्रेड ह्या अमेरिकन कंपनीने २००९ साली आपल्या नोंदींवरून असे अनुमान काढले की, पहिल्या दोन वर्षांत एक्सबॉक्स ३६० यंत्रांपैकी २३.७ टक्के यंत्रे बिघडतात. म्हणजे जवळजवळ चारांत एक! त्या चार घरांपैकी ज्या घरी यंत्र बंद पडले, तेथील मुलाने काय अपराध केला होता?

बिघाडाचे कारण समजून घेण्याजोगे आहे. यंत्रातील सूक्ष्म भाग डाखाने जोडलेले असतात. रेडिओ दुरुस्त करणारे त्याला सोल्डर म्हणतात. यंत्र चालू केले की भाग तापून किंचित प्रसरण पावतात, बंद केले की निवून आकुंचन पावतात. विज्ञानाच्या तासाला शिकलेला हा नियम प्रत्येक खेळीबरोबर त्या इवल्याशा सांध्यांना ताणीत असतो. असे शेकडो वेळा झाले की कच्चा सांधा तडकतो. सांधे तापण्यानिवण्यानेच तडकत होते, हे कंपनीने पुढे २०२१ साली आपल्या इतिहासपटात मोकळेपणाने सांगितले. तोवर काही खेळाडूंनी एक अघोरी उपाय शोधून काढला होता. यंत्र टॉवेलात गुंडाळून चालू ठेवावयाचे, म्हणजे ते अतोनात तापून थोडा वेळ पुन्हा चालते! हा उपाय यंत्राला मारक आणि घराला आगीच्या दृष्टीने धोक्याचा होता. ज्याला हमीची वाट ठाऊक नाही, तो अशा आडवाटांना लागतो.

आपल्या आईबाबांच्या पिढीलाही अशी एक आडवाट परिचित आहे. १९९० च्या दशकात दूरचित्रवाणीला जोडावयाच्या खेळांत ‘कॅसेट’ घालीत असत. ती चालली नाही की तिच्या तोंडात जोराने फुंकर मारावयाची आणि पुन्हा बसवावयाची, हा सर्वमान्य तोडगा होता. वस्तुतः गुण फुंकरीचा नव्हता. कॅसेट काढून पुन्हा बसविल्याने धातूच्या पट्ट्यांचा संपर्क जुळून येई, एवढेच. उलट श्वासातील ओलावा त्या पट्ट्यांना गंज चढवी.

दुसरे उदाहरण अलीकडचे आहे. निंटेंडो ह्या जपानी कंपनीचे स्विच नावाचे यंत्र मार्च २०१७ मध्ये निघाले. त्याच्या हातात धरावयाच्या नियंत्रकांना कालांतराने एक विचित्र रोग जडू लागला. दांडीला बोटही लावले नाही तरी पडद्यावरचे पात्र आपोआप एका बाजूला सरकू लागे. जुलै २०१९ मध्ये अमेरिकेत ह्यावरून दावा दाखल झाला आणि जून २०२० मध्ये कंपनीच्या अध्यक्षांनी ह्या त्रासाबद्दल क्षमा मागितली. युरोपातील ग्राहक संघटनांच्या मध्यवर्ती संस्थेने सुमारे २५,००० तक्रारी गोळा करून जानेवारी २०२१ मध्ये युरोपीय आयोगाकडे दाद मागितली. परिणामी २०२३ साली, हमीची मुदत संपली असली तरी, युरोपात हा दोष विनामूल्य दुरुस्त करून देण्याचे कंपनीने मान्य केले. पंचवीस हजारांपैकी प्रत्येकाने ‘माझ्या एकट्याच्या लिहिण्याने काय होणार?’ असा विचार केला असता, तर हे घडले नसते.

आता ह्या सर्वांतून आपण काय घ्यावयाचे? आपल्या डिचोलीच्या पितळी समया प्रसिद्ध आहेत. पूर्वी समई घेणारा आणि ती घडविणारा एकमेकांस तोंडाने ओळखत असत. सांधा सैल निघाला तर घेणारा समई उचलून थेट कारागिराच्या दारात जाऊ शकत असे. तेथे कागदाची गरज नव्हती, कारण शब्द देणारा माणूस समोर होता. आज यंत्र घडविणारा सातासमुद्रांपलीकडे आहे. त्याचे तोंड आपण कधी पाहणार नाही. त्याच्या जागी हा हमीचा कागद उभा आहे. म्हणून माझे म्हणणे असे की, हमीपत्र ही कंपनीची कृपा नव्हे. तो किमतीत विकत घेतलेला शब्द आहे. वस्तूचे पैसे मोजताना आपण त्या शब्दाचेही पैसे मोजलेले असतात. तो मागणाऱ्याने संकोच का करावा?

येथे काही वडीलधारी मंडळी म्हणतील, “एका खेळण्यासाठी एवढा खटाटोप कशाला? बंद पडले ते बरेच झाले. पोरगा अभ्यासाला तरी बसेल!” त्यांच्या मनातील चिंता खोटी नाही. मुलाने किती वेळ खेळावे हे ठरविण्याचा अधिकार घरच्यांचा आहे, आणि तो त्यांनी अवश्य बजावावा. पण हे दोन प्रश्न निराळे आहेत. खेळ कमी करावयाचा असेल तर यंत्र कपाटात ठेवावे. परंतु घामाच्या पैशाने घेतलेल्या वस्तूतील दोष मुकाट्याने पोटात घालणे ही शिस्त नव्हे. आज खेळयंत्राच्या बाबतीत जो गप्प बसला, तो उद्या शीतकपाट, पंप किंवा मोटारसायकल ह्यांच्या बाबतीतही गप्पच बसेल.

तथापि हमी ही एका बाजूची नसते. घेणाऱ्यानेही आपला शब्द पाळावयाचा असतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा ओलीचिंब असते, उन्हाळ्यात तांबडी धूळ उडते, आणि पावसाच्या आरंभी व अखेरीस विजांचा कडकडाट होतो. अशा हवेत यंत्राच्या झरोक्यांपुढे मोकळी जागा ठेवणे, त्यावर कापड न पांघरणे, गडगडाट सुरू होताच खटका बंद करून तार काढून ठेवणे, मुंग्यांना व पालींना आत घर करू न देणे, ही मालकाची कर्तव्ये होत. आणि ह्याहून मोठे कर्तव्य सत्याचे. यंत्र हातून पडले असेल, त्यावर पाणी सांडले असेल, तर ते तसेच सांगावे. आपटलेले यंत्र ‘आपोआप बिघडले’ म्हणून खपविणे ही चोरीच आहे, आणि तिच्यामुळे खऱ्या तक्रारदाराकडेही संशयाने पाहिले जाते. घरच्यांनीही एवढे करावे की, खरे सांगणाऱ्या मुलाला मार बसणार नाही असा विश्वास त्याला द्यावा. हमीचा पहिला पाठ घरातच मिळतो.

गोव्यातील घरांसाठी आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. आपल्याकडे कोणाचा मामा आखातात असतो, कोणाचे काका बोटीवर असतात. चवथीला येताना ते हौसेने यंत्र घेऊन येतात. परंतु पुष्कळ कंपन्यांची हमी ज्या देशात खरेदी झाली त्या देशापुरतीच असते. तेथे स्वस्त मिळालेली वस्तू येथे बिघडली की तिला वाली राहत नाही. म्हणून घेण्यापूर्वीच कागद वाचावा. घेतल्यावर वाचून उपयोग थोडा.

देशात घेतलेल्या वस्तूला मात्र कायद्याचे भक्कम पाठबळ आहे. ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा १९८६ साली झाला. २४ डिसेंबर हा दिवस त्याच्याच स्मरणार्थ राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळला जातो. त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला. त्यानुसार ग्राहक जेथे राहतो त्या जिल्ह्यातच त्याला तक्रार करता येते. मयेच्या माणसाला त्यासाठी कंपनीच्या गावी जावे लागत नाही. उत्तर गोव्याचा जिल्हा आयोग पर्वरीस आहे. वस्तूची किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असेही नाही, आणि तक्रारीस दोन वर्षांची मुदत आहे. त्याआधी सल्ला हवा असल्यास १९१५ ह्या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्य सेवा आहे. हे हक्क आकाशातून पडलेले नाहीत. कायदा होण्याच्या बारा वर्षे आधी, १९७४ साली, बिंदुमाधव जोशी ह्यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली होती. अशा चळवळींनी जमीन नांगरून ठेवली, म्हणून कायद्याचे पीक आले.

विद्यार्थी मित्रहो, ह्या कामी लागणारे मुख्य हत्यार तुमच्याजवळ आहेच. पत्रलेखनाच्या तासाला आपण काल्पनिक अधिकाऱ्यांना काल्पनिक अर्ज लिहितो आणि गुण मिळवितो. तेच कौशल्य येथे वापरावयाचे. वस्तू कोठे व केव्हा घेतली, पावतीचा क्रमांक आणि यंत्राचा क्रमांक काय, बिघाड कोणत्या दिवशी कसा दिसला, आणि आपली मागणी काय, म्हणजे दुरुस्ती, बदली की पैसे परत, एवढे स्वच्छ शब्दांत लिहावे. रागाचा एकही शब्द नको, विनवणीचाही नको. पत्राची प्रत आणि पावतीचे छायाचित्र जवळ ठेवावे. यंत्र कुरियरने पाठवावयाचे असल्यास पाठविण्यापूर्वी त्याचेही छायाचित्र घ्यावे, आणि पोच मिळाल्याशिवाय निश्चिंत होऊ नये. तोंडी आश्वासन कितीही गोड असले तरी ‘हेच आम्हांला लिहून कळवावे’ असे नम्रपणे म्हणावे.

आपल्या घरी अशी वस्तू आली असेल तर आज एवढेच करा. माळ्यावरचे ते खोके खाली उतरवा, आतला कागद काढा, आणि आईबाबांजवळ बसून तो मोठ्याने वाचा. अडलेला शब्द शिक्षकांना विचारा. पावती त्याला जोडा आणि दोन्ही कागद घराच्या महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवून द्या. वस्तू कधी बिघडूच नये, हे उत्तम. पण बिघडलीच, तर दोष कोणाचा ह्याचा विचार शांतपणे करणारे, आपला असेल तर कबूल करणारे आणि दुसऱ्याचा असेल तर त्याला त्याच्या शब्दाची आठवण करून देणारे एक माणूस तरी त्या घरात असले पाहिजे. ते माणूस तुम्ही व्हा.