गंजत नाही, एवढ्यावर पाइप पास करू नका

"कार्बन फायबर गंजत नाही, मग चाचण्यांचा एवढा घोळ कशाला?" समुद्रातल्या तेलाच्या कामावर असलेला एक मित्र परवा म्हणाला. मी इंजिनियर नाही, तालुक्याचा पत्रकार आहे. पण हे पटलं नाही, म्हणून लिहितोय.

आधी ब्राझीलचं बघा. तिथे सुमारे 2000 मीटर खोल तळापासून तरंगत्या जहाजापर्यंत लवचिक पाइप टांगलेले असतात. आत प्लास्टिकचा थर, त्यावर पोलादी तारा, वरून पुन्हा प्लास्टिक. वीस-पंचवीस वर्षं टिकणार असं गणित, आणि चाचण्या होऊनच ते पाण्यात उतरले होते. तरी 2017 मध्ये तिथल्या नियामकाला, एएनपीला, जाहीर इशारा काढावा लागला. कार्बन डायऑक्साइड आतल्या प्लास्टिकमधून झिरपतो, थरांमधल्या पोकळीत पाणी असलं की ताणाखालच्या तारा चिरतात. चाचणीत हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता, तर उत्तर कुठून येणार?

आता त्या तारांच्या जागी कार्बन फायबरचे थर. पाइप हलका होतो, आणि एवढ्या खोलीवर पाइपचं स्वतःचं वजनच वरच्या टोकाला ओढत असतं. फायदा खरा आहे, नाकारत नाही. पण कंपोझिटची मोडायची तऱ्हाच वेगळी. पाइप टाकताना मार बसला तर बाहेरून काही दिसत नाही, आत थर सुटलेले असतात.

दीर्घ चाचणीत 10,000 तास हा रूढ आकडा. म्हणजे जेमतेम चौदा महिने! 20 वर्षांचे तास होतात 1,75,000 च्या वर. मधली रेघ कागदावर वाढवलेली. वाढवा, ती मान्य पद्धत आहे. पण ती कोरड्या, कोऱ्या तुकड्यावरून काढली, की गरम तेलात, कार्बन डायऑक्साइडमध्ये आणि खाऱ्या पाण्यात मुरवलेल्या तुकड्यावरून? मुद्दाम मार दिलेला तुकडा दाबाखाली धरला का? टोकाला धातूच्या फिटिंगला जोडून वाकवला का?

हे दूरचं प्रकरण नाही. जानेवारी 2024 पासून ओएनजीसी कृष्णा-गोदावरी खोऱ्यात खोल समुद्रातून तेल काढतेय. उद्या असे पाइप आपल्याकडेही येतील. 27 जुलै 2005 ला मुंबई हायवर जहाज धडकून गॅसचा रायझर फुटला आणि 22 माणसं गेली. तिथे दोष पाइपचा नव्हता, मान्य. पण रायझर फुटला की माणसाला पळायला किती वेळ मिळतो, ते त्या दिवशी दिसलं.

म्हणून मागणी साधी आहे. सरकारी कंपनी पाइप घेणार असेल तर तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाने चाचणीचा गोषवारा जाहीर करावा. किती तुकडे तपासले, किती फुटले, कुठे फुटले. बनवायची कृती ठेवा गुपित, आम्हाला काय करायचीय ती.

मित्रालाही हेच विचारलं. म्हणाला, "गोपनीयतेचा करार आहे रे, बोलता येत नाही."