काळी त्रयी आणि नैराश्य

आत्मकेंद्री, कावेबाज माणसे दुसऱ्यांना नैराश्यात लोटतात आणि स्वतः मजेत राहतात, हे गेल्या अंकातील लेखाचे प्रतिपादन फार तर अर्धे खरे आहे. डेलरॉय पॉलहस आणि केविन विल्यम्स या मानसशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये आत्मप्रौढी, कावेबाजपणा आणि सायकोपॅथी म्हणजे निर्दय बेफिकिरी यांना ‘काळी त्रयी’ असे नाव दिले. नैराश्याशी या तिघांचे नाते सारखे नाही.

आत्मप्रौढीचीच दोन रूपे आहेत. उघड बढाईखोराचे नैराश्याशी नाते अनेक पाहण्यांत क्षीण किंवा उलटे दिसते. त्याचा भक्कम आत्मसन्मान ढालीचे काम करतो. दुसरे रूप हळवे. बैठकीत सगळ्यांचे कौतुक झाले, आपले नाव तेवढे राहिले, म्हणून हा माणूस आठवडाभर धुमसतो, चारचौघांत जायचे टाळतो. वरून तो लाजाळूच वाटतो, म्हणून लेखकाच्या नजरेतून निसटला असावा. नैराश्याशी सर्वांत घट्ट नाते याचेच.

सायकोपॅथीतही थंड, निर्भय प्रकार नैराश्यापासून बराच दूर राहतो. उतावळा, भडकू प्रकार त्याच्या जवळचा. कावेबाजपणाचा संबंध असला तरी बेताचाच.

शिवाय हे बहुतेक निष्कर्ष एकाच वेळी भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांवर उभे आहेत. स्वभावामुळे नैराश्य आले, की नैराश्यानेच माणूस चिडका आणि संशयी झाला, हे त्यांतून ठरत नाही. तेव्हा घरातल्या तिरसट माणसावर ‘काळ्या’ स्वभावाचा शिक्का मारण्याआधी त्याला डॉक्टरांकडे न्यावे.