निवडक अनुभवांचा बाजार

समाधानी ग्राहक हीच उत्तम जाहिरात, हे व्यापारातले जुने सूत्र. समाजमाध्यमांनी त्याला नवे रूप दिले. सामान्य वापरकर्त्यांनी टिपलेली छायाचित्रे निवडून ‘अ‍ॅपल’ने २०१५ मध्ये ‘शॉट ऑन आयफोन’ या मोहिमेद्वारे ती होर्डिंगवर झळकवली. त्याच वर्षी कान येथील जाहिरात महोत्सवात आउटडोअर विभागाचा सर्वोच्च पुरस्कार या मोहिमेला मिळाला. मात्र २०१९ मध्ये कंपनीने याच नावाने स्पर्धा जाहीर केली, तेव्हा छायाचित्रकारांना मोबदला का नाही, असा सवाल उपस्थित झाला. टीकेनंतर विजेत्यांना परवाना शुल्क देण्याचे कंपनीने जाहीर केले.

प्रश्न केवळ मोबदल्याचा नाही. असंख्य अनुभवांतून कंपन्या सोयीचे तेवढेच वेचतात. तक्रारी मागे राहतात. त्यामुळे प्रत्येक अनुभव खरा असूनही एकत्रित चित्र फसवे ठरू शकते. भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या २०२१ मधील मार्गदर्शक तत्त्वांनुसार इन्फ्लुएन्सरने कंपनीशी असलेले लागेबांधे उघड करायचे असतात. परंतु जिथे लागेबांधेच नाहीत, केवळ निवड आहे, तिथे ग्राहकाने काय ओळखायचे? जे दाखवले त्यापेक्षा काय गाळले, हे विचारण्याची सवय त्यालाच लावून घ्यावी लागेल.