तिसरा रकाना

आमच्या शाळेच्या फाटकातून बाहेर पडलं की समोरच बसचा थांबा लागतो. शाळा घाटकोपर पश्चिमेला, असल्फाच्या बाजूला. दुपारी शाळा सुटली की मुलींचा घोळका त्या थांब्यावर उभा राहतो. कुणाची अम्मी न्यायला आलेली असते, कुणाच्या कडेवर धाकटा भाऊ असतो. मी स्वतः मेट्रोने अंधेरीला जाते, त्यामुळे इतकी वर्षं त्या थांब्याकडे माझं लक्ष नव्हतं. ते गेलं गणितामुळे.

आठवीला माहिती गोळा करून ताळ्याच्या खुणा कशा मांडायच्या ते शिकवत होते. तेच ते आवडतं फळ आणि आवडता खेळ मांडून मुलं कंटाळली होती. म्हटलं, चला, समोरचा थांबा मोजू या. वहीत तीन रकाने आखले: थांब्यावर किती आले, बसमध्ये किती चढले आणि बसची वाट पाहून किती निघून गेले. तिसरा रकाना मी उगाच, पान भरावं म्हणून घातला होता. तीन दिवस मुलांनी तासभर उभं राहून खुणा केल्या. तिन्ही दिवस तिसरा रकाना दुसऱ्याहून लांब निघाला. लोक यायचे, फोनमध्ये बघायचे, रस्त्याकडे बघायचे आणि शेअर रिक्षा आली की तिच्यात बसायचे. बसचा नंबर इथे देत नाही. गोष्ट एकाच मार्गाची नाही.

वर्गात आल्यावर एका मुलाने विचारलं, ‘टीचर, बस चालवणाऱ्यांना हे ठाऊक असेल ना? आता तर सगळं कॉम्प्युटरवर असतं.’

उत्तर देण्याआधी मला जरा अभ्यास करावा लागला. कॉम्प्युटरवर पुष्कळ काही असतं हे खरंच आहे. माझ्या लहानपणी बेस्टच्या कंडक्टरकडे पत्र्याची पेटी असायची. तिच्यात रंगीबेरंगी तिकिटांच्या गड्ड्या आणि हातात टिकटिक वाजणारा पंच. तिकिटावर आकडे छापलेले असत आणि पंचाचं भोक कोणत्या आकड्यावर पडलंय त्यावरून प्रवासी कुठून बसला ते तपासनीस ओळखत असे. दिवसाचा हिशेब कंडक्टर कागदावर लिहून डेपोत देई. पैशांचा मेळ लागायचा, पण कोणत्या थांब्यावर किती वाजता किती माणसं चढली हे त्यातून काढायचं तर कारकुनांची फौज लागली असती.

आता कंडक्टरच्या हातात मशीन आहे. तिकीट निघालं की कुठून, कुठे, किती वाजता आणि कोणत्या गाडीत, सगळं नोंदलं जातं. गाडी कुठे आहे हेही कळतं. उपग्रहांच्या संकेतांवरून यंत्र आपली जागा ठरवतं आणि मोबाईलच्या नेटवर्कवरून कचेरीतल्या कॉम्प्युटरला कळवत राहतं. रस्त्यावरचा वेग पाहून कॉम्प्युटर अंदाज बांधतो की अमुक थांब्यावर ती किती मिनिटांत पोहोचेल. बेस्टच्या गाड्या ‘चलो’ ॲपवर दिसतात त्या अशाच.

यात एक नाजूक जागा असते. हे यंत्र आज कोणत्या मार्गावर आणि कोणत्या फेरीवर आहे, ही सांगड माणसाला घालून द्यावी लागते. ती चुकली, किंवा यंत्र गप्प झालं आणि कॉम्प्युटरने वेळापत्रकावरच भिस्त ठेवली, की फोनवर भुताटकीची बस दिसू लागते. असल्याच एका ॲपवर मी एकदा ‘४ मिनिटं’ हा आकडा पंधरा मिनिटं पाहिला आहे. मग तो आकडाही गेला आणि बसही.

मोजणीची तऱ्हा प्रत्येक वाहनाची निराळी. वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो ८ जून २०१४ ला सुरू झाली. ११.४ किलोमीटरवर १२ स्थानकं. तिथे आत शिरताना गेट आणि बाहेर पडतानाही गेट. त्यामुळे कोण कुठून कुठे गेलं, अगदी मिनिटासकट, तिच्या हिशेबात असतं. लोकलचं उलटं आहे. गेट नाही आणि आपल्या हातात महिन्याचा पास. बोरिवलीची बाई सकाळची कोणती लोकल पकडते हे तिच्या डब्यातल्या मैत्रिणींना माहीत असतं, तिचा पास मात्र रेल्वेला त्यातलं काहीच सांगत नाही. बस या दोघींच्या मधली. चढलेला माणूस कळतो, पण तिकीट घेतलं तरच.

या आकड्यांचा उपयोग होतो. २०२५ मध्ये गर्दीच्या वेळी मेट्रोच्या काही फेऱ्या वर्सोव्यापर्यंत न नेता घाटकोपर–अंधेरी एवढ्याच फिरवून पाहिल्या. लोक कुठे चढतात आणि कुठे उतरतात हे ठाऊक असल्याशिवाय असं काही सुचत नाही. (गाडीला डबे मात्र अजून चारच. सकाळी घाटकोपरच्या जिन्यावर ज्या उभ्या राहतात त्यांना मी जास्त सांगायला नको.)

पण त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असंच निघालं. वाट पाहून निघून गेलेल्याचं तिकीट फाटत नाही. तो कुठल्याच मशीनमध्ये नाही. मशीन त्या दुपारचा हिशेब देतं तो असा, की या मार्गावर दुपारी माणसं कमी. माणसं कमी म्हणून फेऱ्या कमी होतात, मग वाट अधिक पाहावी लागते, मग आणखी चारजणी रिक्षात बसतात, आणि पुढच्या महिन्याचा आकडा आणखी खाली येतो. या चक्रात मशीन खोटं कुठेच बोललेलं नसतं.

ही न मोजलेली माणसं खरोखर असतात याचा पुरावा मुंबईने पाहिला आहे. जुलै २०१९ मध्ये बेस्टने साध्या बसचं किमान भाडं ८ रुपयांवरून ५ रुपयांवर आणलं आणि थोड्याच दिवसांत बसमध्ये प्रवासी लक्षणीय वाढले. ते काही बाहेरगावाहून आले नव्हते. ते इथेच, शेअर रिक्षाच्या रांगेत होते. मे २०२५ मध्ये तेच भाडं १० रुपये झालं. आणि बेस्टकडे एके काळी चार हजारांवर गाड्या होत्या, त्या आता तीन हजारांच्याही आत आल्या आहेत. गाडी कुठे आहे ते ॲप सांगेल. नसलेली गाडी ते कुठून आणणार?

दुपारच्या त्या थांब्यावर कोण उभं असतं ते पाहा. शाळेतल्या मुली, दवाखान्यातून येणारे म्हातारे, बाजार करून निघालेल्या बायका. दोन-तीन थांब्यांचा प्रवास असतो, आणि फोन असला तरी तो बहुधा घरातल्या दुसऱ्या कुणाकडे असतो. दहावीच्या निकालानंतर पालक मला भेटायला येतात तेव्हा कॉलेजच्या फीचा प्रश्न दुसरा असतो. पहिला असतो, ‘टीचर, ही रोज येणार-जाणार कशी?’ रिक्षाचे रोजचे पैसे आणि बसचा पास यांतला फरक महिन्याअखेरीला मोठा होतो, आणि त्या फरकावर मुलीची अकरावी अडलेली मी पाहिली आहे. एक दुपारची फेरी कागदावर बंद होते तेव्हा असं काही बंद होतं, ते त्या कागदावर दिसत नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘मुंबई वन’ ॲप आलं. मेट्रो, मोनो, लोकल, बेस्ट अशा ११ परिवहन सेवांची तिकिटं त्यात एकत्र मिळतात. मेट्रोतून उतरून बसमध्ये बसणाऱ्याचा पूर्ण प्रवास यातून एकसंध दिसू शकेल, आणि बसची वेळ मेट्रोच्या वेळेशी जुळवणं सोपं होईल. मला हे मनापासून आवडलं आहे. मात्र ज्याच्या हातात फोन आहे तोच त्यात दिसणार. थांब्यावर साधी एक पाटी लागली आणि पुढची बस किती मिनिटांत येतेय ते तिच्यावर उमटलं, तर ती पाटी माझ्या अम्मीलाही वाचता येईल. रेल्वेच्या फलाटावरचा इंडिकेटर कुणाला ‘तुझ्याकडे फोन आहे का’ असं विचारत नाही.

तोवर आपल्या हातात दोन गोष्टी आहेत. दोन थांब्यांचा प्रवास असला तरी तिकीट मागून घ्या. कंडक्टर ओळखीचा आहे म्हणून ‘राहू दे’ म्हणाला तरी घ्या. त्या कागदामुळेच आपण मोजले जातो. आणि तक्रार करायची तर ‘बस कधीच वेळेवर येत नाही’ असं लिहू नका. मार्ग, थांबा, तारीख, किती वाजल्यापासून उभे होतो आणि त्या वेळात किती जण निघून गेले, हे लिहा. बोलण्याला फाटे फुटतात, वहीतल्या खुणांना उत्तर द्यावं लागतं.

माझ्या वर्गाने त्यांच्या तीन पानांचा तक्ता स्वच्छ कागदावर उतरवला आणि डेपोच्या साहेबांच्या नावे मराठीत अर्ज लिहिला. ‘माननीय महोदय’मधल्या ‘ननी’वर दोघांनी वेलांटी चुकवली, म्हणून पुन्हा लिहायला लावला. अर्ज द्यायला पाच मुलं माझ्याबरोबर आली होती. साहेब भेटले नाहीत, पण खिडकीवरच्या भल्या माणसाने तक्ता उलटसुलट पाहिला, प्रतीवर शिक्का मारून दिला आणि विचारलं, ‘हे तुम्ही सकाळचं पण मोजलंय का?’

नव्हतं मोजलं. येत्या सोमवारी सात वाजता मुलं थांब्यावर जमणार आहेत. या वेळी वहीत चौथा रकानाही आखला आहे. शेवटच्या बाकावरच्या एका मुलीने सुचवला: जे थांब्यावर न थांबता चालतच गेले ते.